अण्णांनी जेवण सोडलं

मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. मासळीबाजाराच्या कडेने रिक्षा गेली तरी मी ओढणी नाकाला लावते, आणि सत्तावीस वर्षं कोलकात्यात काढून जिला एवढंही जमलेलं नाही तिच्याकडून पुढच्या अपेक्षा कुणी ठेवू नयेत. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी चढते. माणसं ती पुसून पट्टा वापरतात. मी चिमट्यात धरून पट्ट्यासकट फेकून देते. माझ्या नवऱ्याचे, गुरुदत्तचे, असे चार पट्टे आजवर गेले.

अशा बाईच्या घरात सासरे अंथरुणाला खिळले. घ्या!

सासरे म्हणजे श्यामराव. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, माझी मुलगी ऋतासुद्धा. वय त्र्याऐंशी. ऐन तारुण्यात साताऱ्याहून आले ते खिदिरपूरच्या गोदीत चिकटले आणि तिथल्या वर्कशॉपचे फोरमन होऊन निवृत्त झाले. या माणसाने जन्मात कुणाला पाण्याचा ग्लास मागितला नाही. स्वतःचे कपडे स्वतः धुणार, ताट घासून ठेवणार, शर्टाची कॉलर झिजली की उसवून, उलटी करून परत शिवणार, समोर एक आणि मागे एक आरसा ठेवून स्वतःचे केस स्वतः कापणार. सासऱ्यांचं काही करावं लागत नाही म्हणून माझ्या बहिणी माझा हेवा करायच्या. पण खरं सांगू? ज्याला कधीच काही लागत नाही अशा माणसाबरोबर राहण्याचाही वैताग येतो.

हे सगळं त्यांनी ऋताला शिकवलं. ऋता एकुलती एक, तेवीस वर्षांची, सेक्टर फाइव्हमधल्या कंपनीत नोकरीला, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. लहानपणी शाळेतून आली की दप्तर टाकून थेट अण्णांच्या खोलीत. फ्यूज बांधणं, नळाचा वॉशर बदलणं, सुरीला धार लावणं, तुटलेल्या दोराचे पीळ उलगडून तो असा जोडणं की गाठ दिसू नये. जोडीला गोदीतल्या गोष्टी, कुठलं जहाज कसं रुतलं आणि कुणी कसं काढलं. बेहालातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा पंखा अडला की पहिली हाक ऋताला. गणपतीत मंडळातल्या बायका म्हणायच्या, काय बाई भाग्य, आजोबांची विद्या नातीने उचलली! मीही फुशारून सांगत सुटायचे. आता ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

जूनमध्ये अण्णा पडले. बाथरूमचा नळ ठिबकत होता, प्लंबर दुपारी येतो म्हणाला होता, पण यांना धीर कुठला. स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, डॉक्टर म्हणाले तीन महिने तरी अंथरुणावर. गुरुदत्त बजबज नावाच्या गावी तेलाच्या डेपोत नोकरीला, सकाळी लोकलने जातो तो संध्याकाळी सातला उगवतो. मग आम्ही आया सेंटरला फोन केला. इथे गल्लोगल्ली अशी सेंटरं आहेत, फोन केला की बारा तासांसाठी बाई घरी येते. आमच्याकडे शेफाली येऊ लागली, सकाळी आठ ते रात्री आठ. रात्रीपुरता डायपर, तो सकाळी शेफालीच काढायची.

मी काय करायचे तेही सांगते, लपवून काय करायचंय. शेफाली साफसफाईला लागली की मी खोलीबाहेर चार उदबत्त्या लावायचे आणि बाल्कनीत जाऊन उभी राहायचे. ती "बौदी, होये गेछे", म्हणजे वहिनी, झालं, असं म्हणेपर्यंत आत यायची नाही. तिचा चहाचा कपही मी वेगळा ठेवला होता. हो, ठेवला होता. जी बाई माझ्या सासऱ्यांची घाण काढत होती, तिच्याच हातांची मला किळस वाटायची. अण्णांच्या लक्षात आलं नसेल असं नाही. शेफाली खसकन त्यांना कुशीवर ओढायची आणि ते प्रत्येक वेळी बंगालीत तिची माफी मागायचे, हे मला बाल्कनीत ऐकू यायचं. मी रस्त्यावरच्या बस बघत बसायचे.

जुलैत अण्णांचं जेवण कमी झालं. आधी रात्रीचं गेलं. मग सकाळची पोळी गेली. मग चहासुद्धा अर्धा कप. विचारलं की एकच उत्तर, "भूक नाही गं." मी थालीपीठ केलं, पिठलं केलं, आसट वरणभात केला, आमसुलाचं सार केलं. सगळं जसंच्या तसं परत. माझं डोकं फिरायचं. अहो, उकाड्यात गॅसपुढे उभं राहून करायचं आणि मोलकरणीच्या डब्यात भरायचं! डॉक्टर आले, तपासून टॉनिक लिहून गेले. गुरुदत्त म्हणाला, वय झालं की आतडी मंदावतात. पुण्याची नणंद फोनवर म्हणाली, जीभ बेचव झाली असेल, लिंबाचं लोणचं दे. बघता बघता अण्णांच्या गालांत खड्डे पडले, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. आम्ही सगळे त्यांच्या जिभेचा विचार करत होतो.

त्या गुरुवारी शेफाली आलीच नाही. नऊ वाजता सेंटरला फोन लावला. तिने दुसरं घर धरलंय म्हणाले, बदली बाई दोन वाजेपर्यंत पाठवतो. गुरुदत्त निघून गेलेला. ऋता बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कामाला बसलेली. दहाच्या सुमाराला अण्णांच्या खोलीतून वास यायला लागला.

मी दारात गेले. अण्णा छताकडे बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दोन वाजता येणारे ना ती? थांबतो मी. तू दार लावून घे, सुचित्रा."

आणि मी दार लावून घेतलं. चार तास. माणूस चार तास त्यात पडून राहणार आणि मी दार लावून घेतलं, वर कडीही नीट बसली का ते बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडायला घेतली. तीन काड्या निवडल्या असतील, हात चालेना.

ऋतापाशी गेले, तिचा हेडफोन काढला. म्हटलं, "चल, आपण दोघी मिळून अण्णांना साफ करू."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, मला नाही होणार. मी ओकेन."

"अगं, अख्ख्या बिल्डिंगची तुंबलेली बेसिनं उघडतेस ना? तेव्हा नाही ओकत?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? डोंबल! आजोबांकडून फ्यूज शिकलीस, नळ शिकलीस, चारचौघांत मिरवलंस. आता त्यांचं अंग पुसायची वेळ आली तर ओकारी?"

तिचा चेहरा लाल झाला. माझीच मुलगी, माझ्यासारखीच तिखट. "तू कुठे करतेस, आई? तू तर बाल्कनीत असतेस. आजी तीन वर्षं पडून होती, तेव्हाही अण्णाच करायचे सगळं. तू नेमकी त्याच वेळी भाजी आणायला जायचीस. मी तेव्हा लहान होते, आंधळी नव्हते."

खरंच होतं ते. माझ्या सासूबाई, मंगलाताई, अर्धांगवायूने तीन वर्षं पडून होत्या, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा अण्णा मला कितीदा तरी म्हणाले होते, "सुचित्रा, जरा ये, दाखवून ठेवतो. कधी मी नसलो घरात तर तुला माहीत हवं." मी प्रत्येक वेळी "आलेच हं" म्हणायचे आणि पिशवी उचलून खाली पळायचे. एकदा तर पिशवीत पैसेही नव्हते. बाजारात नुसती उभी राहून आले.

ऋतालाच मग वाईट वाटलं असावं. ती खाली बघत म्हणाली, "आणि तू रोज त्यांना नवीन नवीन खायला करतेस ना, ते करू नकोस. त्यांना भूक लागते."

"म्हणजे?"

"खाल्लं नाही तर होत नाही, म्हणून खात नाहीत. शेफालीदीला कमी काम पडतं. तुला उभं राहावं लागत नाही बाहेर. त्यांनी मला सांगितलं."

"कधी?"

"तीन आठवडे झाले असतील. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. मी प्रॉमिस केलं होतं." मग हळूच म्हणाली, "आई, त्यांचा निर्णय आहे ना तो. आपण रिस्पेक्ट करायला पाहिजे."

तीन आठवडे! म्हातारा माणूस भिंतीपलीकडे उपाशी मरतोय आणि ही पोरगी त्याच्या निर्णयाचा मान राखत तीन आठवडे रोज दोन वेळा माझ्या समोर बसून व्यवस्थित जेवत होती. किळस म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. बुरशी नाही, मासळी नाही, आतल्या खोलीतला वास तर नाहीच नाही. आम्ही तिघं. नवरा आतड्यांवर बोलतोय, मुलगी गुपित सांभाळतेय, आणि मी उदबत्त्या लावतेय.

मी तरातरा गेले आणि दार उघडलं. वास एकदम अंगावर आला. शी! काय वास होता तो! मी चौकट धरून उभी राहिले.

"अण्णा, कसं करायचं सांगा."

"अगं, दोन वाजता..."

"दोन गेले खड्ड्यात. तुम्ही आईंचं तीन वर्षं केलंत. मला शिकवायला बोलावत होतात, मी आले नाही. आता आलेय. सांगा."

ते डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, रडतात की काय. पण मग त्यांनी जो आवाज काढला तो फोरमनचा होता, हळू पण ठाम. "कोमट पाणी, दोन तांबे. माझं जुनं धोतर फाड, तीन फडकी कर. एक साबणाचं, एक साध्या पाण्याचं, एक कोरडं. ती एकमेकांत मिसळायची नाहीत. खाली वर्तमानपत्र. आणि हात गरम करून ये. थंड हाताने माणूस दचकतो."

मी सगळं आणलं. त्यांनी एकेक पायरी सांगितली. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी दे, उजवा पाय वळता कामा नये. मला डाव्या कुशीवर, तुझ्याकडे तोंड करून घे, उलटीकडे नको, नाहीतर पडायची भीती वाटते. खालची चादर लांबीने गुंडाळत माझ्या पाठीपर्यंत आण, नवी तिच्या मागोमाग. पुसायचं पुढून मागे. तोंडाने श्वास घे. घाण बघू नकोस, कातडी बघ. कातडी कुठे लाल झालीय ते बघ.

मी एकीकडे त्यांना धरत होते, एकीकडे पुसत होते. दोन हातांचं कामच नव्हतं ते. अर्ध्यावर मी बादलीत ओकले. लाजेने मेल्यासारखं झालं. अण्णा शांतपणे म्हणाले, "होतं. मलाही पहिल्या दिवशी झालं. चूळ भरून ये, मी आहे इथेच." मी आहे इथेच! जातो कुठे म्हातारा!

चूळ भरून आले तर ऋता आत उभी होती, पलंगाच्या डोक्याकडे, ओढणीने नाक दाबून. अण्णांचा खांदा तिने एका हाताने धरला होता. डोळे घट्ट मिटलेले. बरं, धरला तर होता. मी पुढचं पुसायला घेतलं आणि माकडहाडावर जखम दिसली. रुपयाच्या नाण्याएवढी, कडा काळ्या, मधे ओलसर. किती दिवसांची होती कुणास ठाऊक. शेफाली बोलली नाही, आणि आम्ही कधी बघितलंच नाही. मी म्हटलं, "अण्णा, हे दुखत नाही?" ते म्हणाले, "दुखतं की." जणू मी पाऊस पडतोय का म्हणून विचारलं होतं.

सगळं आवरलं, स्वच्छ चादर घातली, जखमेसाठी नर्सला फोन केला. मग वरणभात कालवून वाटी घेऊन आले. अण्णांनी तोंड मिटून घेतलं.

"भूक नाही."

"खोटं बोलू नका. मला ऋताने सगळं सांगितलंय."

त्यांनी ऋताकडे पाहिलं. ती रडायला लागली. मग अण्णा म्हणाले, "मंगलाने शेवटचा महिना जेवण सोडलं होतं, आठवतं?"

"हो. आजाराने."

"आजाराने नाही. तीन वर्षं मी तिचं केलं. एक दिवस फार दमलो होतो, वास सहन झाला नाही. तोंड फिरवलं. एवढंच. तिने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून घास घेईना. मी विचारलं की म्हणायची, भूक नाही. मी कुणाला सांगितलं नाही हे. मला वाटलं, तिला जमलं, तर मला का जमू नये."

मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. "वा! काय पण शिकलात! अण्णा, या पोरीला तुम्ही आजवर जे जे दाखवलंत ते ते तिने उचललं. आता हे शिकवताय तिला? उद्या मी म्हातारी होऊन पडेन. मग मी तोंड मिटून घ्यायचं आणि हिने गुपित म्हणून गप्प बसायचं, असंच ना? तीन आठवडे तेच करतेय ती. पक्की तयार झालीय तुमच्या हाताखाली! आग लागो तुमच्या त्या स्वतःचं स्वतः करण्याला."

सासऱ्यांशी मी या भाषेत कधी बोलले नव्हते. अण्णांनी ऋताकडे बघितलं, कितीतरी वेळ. ती नाक पुसत उभी होती. मग त्यांनी माझ्याकडे न बघता तोंड उघडलं. मी घास दिला. तो गिळायला त्यांना इतका वेळ लागला की मी मनात देवाचा धावा करत होते. चार घास गेले. पाचव्याला म्हणाले, "बास. पोटाला सवय राहिली नाही."

बदली बाई दोनला आली. तिला चहा दिला, आमच्याच कपात, आणि सांगितलं की सोमवारपासून ये, तोवर आम्हीच बघतो. संध्याकाळी गुरुदत्त आला तेव्हा त्याला जेवायच्या आधी खोलीत नेऊन ती जखम दाखवली. तो "बाप रे" म्हणून मागे सरकला, त्याला मी दंडाला धरून परत पुढे ढकलला. बाप रे काय, बापच आहे तुझा!

शुक्रवारी अण्णांनी वाटीभर भात खाल्ला. शनिवारी सकाळी अर्धी पोळी दुधात कुस्करून, दुपारी वरणभात आणि वर थोडं सार. पण दोन दिवस शी झालीच नाही. मला घोर लागला. रिकाम्या पोटाला वेळ लागतो असं नर्स म्हणाली, पण माझा विश्वास बसेना. हा माणूस घास तोंडात धरून मागाहून वर्तमानपत्रात थुंकत असेल, असंही वाटून गेलं. मी उशीखाली हात घालून बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. काही नव्हतं. अण्णा पडल्या पडल्या माझी झडती बघत होते.

रविवारी सकाळी मी पोळ्या करत होते. गुरुदत्त दूध आणायला गेला होता. आणि आतून हाक आली. "सुचित्रा! अगं, कुणी आहे का? या इकडे!"

सत्तावीस वर्षांत अण्णांनी मला कधी स्वतःसाठी हाक मारल्याचं आठवत नाही. पोळी तव्यावर, हात पिठाचे, मी गॅस बंद करून धावले. आणि वासाने मला पॅसेजमध्येच गाठलं. आई गं! दोन दिवसांचं साठलेलं, जेवणाचं, खरंखुरं. आणि मी मोठ्याने हसले, वेडीसारखी. झाली! अण्णांना झाली! तान्ह्या मुलाच्या वेळी बायका जशा ओरडतात तशी मी ओरडले असते, पण दारात पोचले तर ऋता माझ्या आधी आत होती.

नाकाला काही लावलेलं नव्हतं. चेहरा पांढराफटक, डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं ठेवून श्वास घेत ती अण्णांच्या गुडघ्यांमधे उशी सरकवत होती. मला म्हणाली, "आई, पोळ्या बघ तू. मी हात गरम केलेत."

अण्णा तिला सांगत होते, "आधी चादर गुंडाळ. घाई नको." तिने चादर गुंडाळली, फडकं उचललं, एकदा पुसलं. फडकं वर्तमानपत्रावर ठेवून ती माझ्या बाजूने पळत गेली, बेसिनमध्ये ओकली, चूळ भरली, आणि परत आत गेली.